गोड पाण्याचा दाखला

आमच्या गावात मोठी माणसं पुष्कळ होऊन गेली. त्यातलं एकही मला आठवावंसं वाटत नाही. आठवतो तो देवमन. तीन एकर वावर, एक कुदळ, आणि बोलण्याआधी जरा थांबायची सवय, एवढीच त्याची मालमत्ता. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो, म्हणजे गावात कुठलाही कागद निघाला की त्यावर सही करायला मी हजर असे.

गाव कामरगावपासून दोन कोसांवर. होळी झाली की नदी वाहायची थांबे. मग जो तो मोहल्ला वाळूत झिरा खणून प्यायचं पाणी काढी. वर पाटलांचा झिरा, मध्ये आमचा, सगळ्यात खाली देवमनच्या बौद्ध वस्तीचा. छप्पन साली त्या लोकांनी धर्म बदलला. गावाने त्यांच्या झिऱ्याची जागा मात्र बदलू दिली नाही. आणि आम्ही स्वतःला सुधारलेले म्हणवून घेत होतो!

मधल्या आणि खालच्या झिऱ्याच्या दरम्यान नदीकाठी दौलतरावांची संत्र्याची बाग होती. विहिरीचं खारं पाणी देऊन देऊन जमिनीवर पांढरं मीठ फुटलं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी सरकारची योजना आली. वावरात चर खणा, मीठ धुऊन काढा, सगळा पैसा सरकारचा. अट एकच. चराचं पाणी नदीत सोडायचं नाही, कारण नदी पाच गावांची. वावराच्या टोकाला अर्ध्या एकराचा खड्डा करायचा आणि पाणी त्यातच उन्हाने आटू द्यायचं.

दौलतरावांनी पैसा उचलला आणि अट तिथेच ठेवली. "अर्धा एकर खड्ड्यात घालू? नदी काय माह्या बापाची हाये?" असं ते चारचौघांत म्हणाले आणि चारचौघं हसले. त्यात मीही होतो.

बागेतून थेट नदीत चर खणायला मजूर म्हणून देवमनच होता. तो म्हणाला, "मालक, हे पानी आमच्या झिऱ्यात उतरन."

"तुले खनाची मजुरी देऊन राह्यलो का बोलाची?"

त्याने खणलं. घरात खाणारी पाच तोंडं होती, त्याला साधुसंत ठरवायची मला गरज वाटत नाही.

महिन्याभरात देवमनच्या बायकोची, रंगूबाईची, तुरीची डाळ शिजेना. खाऱ्या पाण्याची ही खूण आमच्याकडे बाईमाणसाला सगळ्यात आधी कळते. सकाळी चुलीवर ठेवलेली डाळ दुपारीही दाताखाली खड्यासारखी लागे. लेकरांची पोटं बिघडली. वरच्या झिऱ्यावर घागर घेऊन गेलेल्या बायांना परत पाठवण्यात आलं. देवमन बाटलीत पाणी भरून तालुक्याच्या ऑफिसात गेला. तिथल्या माणसाने बाटली ठेवून घेतली आणि देवमनला वाटेला लावलं.

मग त्या तक्रारीच्या चौकशीला एक साहेब जीपने आले. दौलतरावांकडे जेवले. हात धुवायच्या आधीच दौलतरावांनी पाटलांच्या झिऱ्यातलं पाणी तांब्यात आणून समोर ठेवलं, म्हणाले, "हे खालच्या झिऱ्याचं. चराचंही असंच हाये." साहेबांनी घोट घेतला. नदी पन्नास पावलांवर होती, पण साहेबांच्या पोटात पुरणपोळी होती. 'खालच्या झिऱ्याचे व चराचे पाणी गोड आहे', असा दाखला लिहिला गेला. साक्षीदार म्हणून मी सही केली. तांब्या कुठून भरला ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वतःची एवढी किळस मला पुन्हा कधी आली नाही. पण किळस आली म्हणून माझा हात काही थांबला नाही.

दाखला वस्तीत कळला. दुसऱ्या दिवशी दिवसाढवळ्या देवमन कुदळ घेऊन नदीत उतरला आणि त्याने चराचं तोंड दगडमातीने पक्कं बुजवलं. पाणी बागेत तुंबलं. पंधरा दिवसांत संत्र्याची पानं कडेने करपायला लागली. दौलतरावांनी बोंब ठोकली. तेच साहेब पंचनाम्याला आले, आणि लिहायला अर्थात मी.

"चर कोणी बुजवला?" साहेबांनी विचारलं.

"म्याच खनला, म्याच बुजवला," देवमन म्हणाला.

"काहून?" दौलतराव ओरडले. "बाग मारून राह्यला तू माही!"

देवमन जरा थांबला. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदावर हे पानी गोड हाये ना? मंग गोड पान्यानं बाग कशी मरन?"

दौलतराव साहेबांकडे पाहात होते आणि साहेब आपल्याच बुटांकडे. पाणी खारं म्हणावं तर दाखला खोटा, गोड म्हणावं तर तक्रार खोटी. शेवटी साहेब पुटपुटले, "खड्डा करा, अटीत आहे." आणि जीपमध्ये जाऊन बसले.

खड्डा झाला. तो खणायला देवमनला कोणी बोलावलं नाही. पुढे कितीतरी वर्षं गावात त्याला कोणी काम दिलं नाही. तो कामरगावच्या बाजारात पोती उचलायला जाई.

पावसाळ्यात नदी दोनदा पुराने धुऊन निघाली. पुढच्या होळीनंतर मी ऑफिसातून आलेला नवा कागद घेऊन वस्तीत गेलो. झिऱ्याचं पाणी सुधारलं, असं लिहून द्यायचं होतं. रंगूबाईने माझ्यासमोर जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाटीत त्याच झिऱ्याच्या पाण्यात शिजवलेलं वरण ठेवलं. त्या वस्तीत तोवर मी कधी पाणीही प्यालो नव्हतो.

"गुरुजी," ती म्हणाली, "या वक्ती आधी चाखा. मंग सही करा."