मास्टरजींना 'तुम' म्हणायचं की 'आप'?

अहो, जयपूरचे आमचे शिंपी मास्टरजी म्हणजे काय सांगू! ब्लाउज तयार नसला तरी 'नाही' म्हणून कधी म्हणायचे नाहीत. हात जोडून, "बाईसा, कल फिर दर्शन दीजिए!" बायकोकडे कात्री मागायची तरी 'आप'!

मी मुलाच्या बदलीमुळे जवाहर नगरात नवी. आपलं 'तुम्ही' म्हणजेच हिंदीतलं 'तुम', अशा समजुतीने त्यांना मोठ्या आदराने 'तुम' म्हणायचे. तिकडे ते अरे-तुरेच की हो!

एकदा भरल्या दुकानात एक बाई फणकारल्या, "इतने बुज़ुर्ग को तुम? किसी ने सिखाया नहीं?" माझे कान तापले, मान वर होईना.

मास्टरजींनी मशीन थांबवलं. "अजी, मैंने ही कह रखा है. बहन भाई को तुम ही तो कहेगी!"

धादांत खोटं! असं काही ते कधी बोललेच नव्हते!

घरी येऊन नातीकडून 'आप, दीजिए' घोकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऐटीत विचारलं, "मास्टरजी, आप कैसे हैं?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"बाईसा, हमसे कोई भूल हो गई क्या?"