हळद्याचा रंग

सिताराम मढवीला आमच्या कारखान्यात कोणी सिताराम म्हणून हाक मारल्याचे मला आठवत नाही. सगळे त्याला हळद्या म्हणत. तुर्भ्याच्या बाजूला कापडाचे रंग तयार करणारा तो कारखाना. मी हिशेब खात्यात होतो आणि सिताराम पिवळ्या रंगाच्या विभागात. सुकलेला रंग दळायचा, चाळायचा आणि पिंपांत भरायचा, हे त्याचे काम. ती भुकटी इतकी बारीक असे की तोंडाला कितीही फडकी गुंडाळली तरी कपाळ, कान, मान, नखे सगळे पिवळे होऊन जाई. कॅन्टीनमध्ये कडेला पिवळा ओठ उमटलेला कप दिसला की तो हळद्याचा, हे पोऱ्यालासुद्धा माहीत होते.

तो शिरवण्याचा आगरी. त्याचे लहानपण मिठागरात गेले. खाऱ्या पाण्यात उभे राहून पायांना भेगा पडत आणि त्या भेगांत मीठ जाई. पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागरे मोडली आणि गावातले बरेच जण आसपासच्या कारखान्यांत लागले. सिताराम त्यांतला एक. स्वभावाने थट्टेखोर होता. म्हणायचा, "मिठानं पाय पांढरं केलं, कंपनीनं तोंड पिवलं केलं. काला रंग तेवडा राह्यला साहेब, तो यम लावील."

घरी बायको गोजरा आणि एकुलती मुलगी यमुना. गोजरा रोज सकाळी त्याच्या उशीचा अभ्रा धुवायची आणि रोज तो पिवळाच निघायचा. आता तिने अभ्रेच पिवळ्या कापडाचे शिवले आहेत, असे तो आम्हाला थट्टेने सांगे.

त्या विभागातले कामगार पाळी संपली की अंग धुवायला ब्लीचिंग पावडर वापरत. ती पाण्यात कालवायची आणि कपडे धुवायच्या ब्रशने घासायचे. रंग थोडा फिका होई, पण कातडी सोलवटून निघे. सितारामचे गाल जुन्या चामड्यासारखे कोरडे झाले होते आणि नाकाच्या बाजूंना चिरा पडल्या होत्या. त्याला सारखी खाज सुटे. सगळ्यांनाच सुटत असल्यामुळे त्यात कोणाला काही वेगळे वाटत नसे.

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला यमुनेचे लग्न उरणला ठरले. मुलगा बंदरातल्या गोदामात कामाला, घर चांगले. सुपारी फोडायला पाहुणे शिरवण्याला आले, तेव्हा मुलाची आत्या विमलबाई सितारामकडे टक लावून बघत राहिली आणि शेवटी तिने भर बैठकीत विचारले, "व्याह्यांना कावील हाय काय?"

"कावील नाय वो, कंपनीचा रंग हाय," सिताराम हसून म्हणाला.

"रंग हाय त धुतल्यावर निघंल ना?"

"निघंल की."

"मंग हलदीला येऊ तवा बघू."

ती हे हसत म्हणाली होती, पण आठवडाभराने उरणहून निरोप आला. बापाला काही आजार असेल तर आधीच सांगा, मुलीच्या रक्तात आला तर आम्ही काय करायचे? तोंड स्वच्छ दिसले नाही तर लग्न पुढे ढकलू. आगरी वस्तीत पुढे ढकललेले लग्न म्हणजे मोडलेले लग्न, हे सितारामला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "साहेब, वयनी लोकांची तोंडं धुतात म्हनं?"

माझी पत्नी सुचित्रा वाशीच्या आमच्या घरातच आतल्या खोलीत ब्युटी पार्लर चालवत असे. दादरला कोर्स केला होता. दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी होती. मी तिला विचारून सांगतो म्हणालो. घरी विचारले तर ती म्हणाली, "पाटी दाराबाहेर आहे. आत आल्यावर तोंड ते तोंड. घेऊन या त्यांना."

सिताराम साठवलेली रजा टाकून आला. खुर्चीत अवघडून बसला. "पोरीचे हात पिवले कराचे त आधी माजे धुवाला लागतील. असा बाप कुटं बगितला काय?"

"गप्प बसा. तोंड हलवू नका."

तिने आधी काहीच लावले नाही. पातळ कागदाचे तुकडे कपाळ, नाक, गाल यांवर थोडा वेळ दाबून धरले आणि उजेडात बघितले. कपाळावरचा कागद तेलकट झाला होता, गालांवरचा कोरडाच. "एकाच तोंडावर दोन गावं आहेत तुमच्या," ती म्हणाली. "कपाळाला बेसन आणि दही चालेल. गालांना बेसन लावलं तर आणखी फुटतील. तिथे फक्त कच्चं दूध आणि साय. आणि ती पावडर आजपासून बंद."

"पावडर बंद त रंग निघाचा कसा?"

"दादा, कातडी म्हणजे फरशी नाही. ती आपली आपण जुना थर टाकते. आपण फक्त तिला टाकू द्यायचं. घासलं तर ती खालचा थरही देऊन टाकते, मग रंग आणखी आत जातो."

आधी ती खोबरेल तेल बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवी आणि कापसाने टिपून घेई. मग कोमट पाणी. मग कपाळाला एक आणि गालांना दुसरे. शेवटी टॉवेलने पुसायचे नाही, नुसते टिपायचे. सिताराम पहिल्या दिवशी म्हणाला, "वयनी, येवढ्या हलूच त माजे आयनंबी धुतलं नसंल."

पहिल्या आठवड्यात कापूस गर्द पिवळा निघत असे. तो प्रत्येक बोळा हातात घेऊन बघे, पिकलेले फळ बघावे तसा. मग कापूस फिकट होत गेला. गालांच्या चिरा भरल्या. एक दिवस गोजरा स्वतः आली आणि पदराखालून उशीचा अभ्रा काढून सुचित्राला दाखवला. पांढरास्वच्छ होता. "लगीन झाल्यापासून पयल्यांदा बगितला," ती म्हणाली. आम्ही चहा केला. सुचित्राला इतकी खूश मी क्वचितच पाहिली होती.

त्यानंतरच्या खेपेला कापूस पूर्ण पांढरा निघाला. सुचित्राने दुसरा बोळा घेतला, तोही पांढरा. तिसरा कानामागे फिरवला. पांढरा.

पण तोंड पिवळे होते.

तिला आधी वाटले आपलेच काही चुकते आहे. आतल्या खोलीत पडदे असत आणि पिवळट दिवा असे. तिने सितारामला हाताला धरून बाहेर गॅलरीत आणले, उन्हाकडे तोंड करायला लावले आणि अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढली. कारखान्यात भुकटीने त्याचे डोळे कायम लाल असायचे, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी नीट पाहिलेच नव्हते. आता लाली गेली होती. डोळ्यांतला पांढरा भाग पिकल्या लिंबाच्या सालीसारखा झाला होता.

"दादा, लघवी कशी होते?" तिने सरळ विचारले.

"पिवली. आमची सगल्यांची पिवलीच असते."

"जेवण?"

"लगनाची धावपल हाय, जेवाला कुटं सुदरतंय."

त्याच संध्याकाळी मी त्याला आमच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट दाबून पाहिले, पुष्कळ वेळ दाबून पाहिले आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. उद्याच जा म्हणाले. बाहेर आल्यावर सितारामने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "लगीन झाल्यावर जाईन."

"अरे, डॉक्टर उद्या म्हणतायत."

"साहेब, इस्पितालात गेलो त गावभर व्हईल. उरनला खबर जायला येक दिवस लागंल. यमीचं लगीन मोडंल. तिला दुसरा कोन घेईल, कावीलवाल्याची पोर म्हनून?"

तो आमच्या घरी येऊन सुचित्रासमोर बसला. खुर्चीत नाही, जमिनीवर. "वयनी, येवडे दिस तुमी रंग काडला. आता कोनी इचारलं त रंगच हाय म्हना."

"पण रंग निघालाय दादा. विमलबाईंनी हात लावला तर त्यांनाही कळेल."

 रजा शिल्लक होती तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर हजर झाला. मी विभागात जाऊन पाहिले. तो चाळणीपाशी उभा होता, तोंडाला फडके न बांधता. जोडीदार किसन ओरडत होता, "अरे हलद्या, फडका बांद! लगीन तुजं नाय, पोरीचं हाय!" सिताराम हसला आणि भुकटीत हात घालून तो गालांवरून फिरवला.

हळदीच्या दिवशी आम्ही दुपारपासून शिरवण्याला होतो. दारात मांडव, आत बायकांची गाणी. ऊन कलल्यावर उरणहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन बायका आल्या, पुढे विमलबाई. यमुनेला हळद लागली, मग एकमेकींना लावालाव झाली. विमलबाईने हात पुसले आणि ती सितारामपुढे येऊन उभी राहिली.

"व्याही, अजून पिवलेच?"

"कंपनीचा रंग हाय."

"कंपनीचा क पोटातला?"

गाणी थांबली. गोजरा खांबाला धरून उभी होती. तिला खरे काय ते ठाऊक होते, यमुनेला नव्हते. मी सुचित्राकडे पाहिले. तिने पिशवीतून कापूस काढला, तेलात बुडवला आणि विमलबाईच्या हातात दिला.

"तुम्हीच पुसा. हळूच पुसा, घासू नका."

विमलबाईने सितारामच्या गालावरून कापूस फिरवला. तो गर्द पिवळा निघाला. तिने तो उजेडात धरला, मग बाकीच्या बायकांना दाखवला.

"रंगच हाय गो," ती म्हणाली आणि मोठ्याने हसली. "कवाची उगाच घोर लावून बसले मी! व्याही, तुमची हलद त रोजचीच!"

सगळे हसले. गाणी पुन्हा सुरू झाली. विमलबाईने ओंजळभर हळद घेऊन सितारामच्या तोंडाला फासली आणि तोही हसत राहिला. त्या मांडवात तेव्हा पिवळे नाही असे एकही तोंड नव्हते. सुचित्रा मात्र कापसाची पिशवी घट्ट धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

लग्न नीट पार पडले. वरात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सितारामला मुंबईला नेले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पोटात गाठ असल्याचे सांगितले. आधी आणले असते तर काही करता आले असते का, असे मी विचारले. त्यांनी नक्की काही सांगितले नाही. तो प्रश्न पुढे आमच्या घरातही कोणी काढला नाही.

तिथे त्याला कोणी हळद्या म्हणत नव्हते. खाटेवर पाटी होती, तिच्यावर पूर्ण नाव. तो अशक्त होत गेला आणि तोंडाचा रंग हिरवटपणाकडे झुकू लागला. सुचित्रा दर दोन-चार दिवसांनी जाई आणि कच्च्या दुधाने त्याचे तोंड टिपून देई. आता सबंध तोंड कोरडे पडले होते, कपाळसुद्धा. "दोन गावांचं एक झालं, वयनी," तो म्हणाला.

एकदा आम्ही गेलो तेव्हा यमुना उरणहून आली होती. हिरवा चुडा, अंगावर नवे लुगडे. बापाला लग्नानंतर साधी कावीळ झाली आहे, उतरेल, एवढेच तिला सांगितलेले होते. सुचित्राने वाटीत दूध ओतले, तेव्हा ती पुढे झाली. "काकी, मी करते. मना दाखवा."

सुचित्राने तिला बोटे कशी धरायची ते दाखवले. यमुनेने कापूस भिजवला आणि बापाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदा सावकाश फिरवला. मग तिने तो बघितला. पांढरा होता. तिने उलटून बघितला. हळदीच्या दिवशी विमलबाईने वर धरलेला कापूस तिनेही पाहिला होता.

त्या रंगाखाली तोंड तेव्हाही असेच पिवळे असणार. तिने गोजराकडे पाहिले, गोजराने मान खिडकीकडे वळवली. यमुनेने तो बोळा मुठीत धरला, दुसरा घेतला आणि पुन्हा पुसू लागली. मग आणखी जोरात, जणू त्यात कुठेतरी कंपनीचा रंग उरला असेलच.

सितारामने डोळे न उघडता तिचे मनगट धरले.

"हलूच, यमे," तो म्हणाला. "घासू नको."