कमानीबाहेरची आळी

माझ्या धाकट्या भावाने परवा अमेरिकेतून फोन करून विचारले, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" आहे. भूकंपानंतर आमचे गाव नव्या जागी वसले, तेव्हा नव्हते.

भाऊ तरुणपणीच तिकडे गेला. औसा तालुक्यातले आमचे गाव भूकंपात पडले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी त्याच्या पुढाकाराने पैसा उभा केला आणि गाव दत्तक घेतले. पैसा त्यांचा, म्हणून आराखडाही त्यांचाच. भावाने जुन्या गावाचा नकाशा आठवणीवरून काढून पाठवला आणि गाव त्याप्रमाणेच बसवायचे अशी अट घातली. मधोमध देऊळ, भोवती आम्ही जमीनवाले, ओढ्यापलीकडे मुसलमानांची आळी. असले गाव कधीच नव्हते. आमच्या भिंतीला भिंत लागून मणियाराचे घर होते. आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या तोच भरायचा. परदेशात बसून गावाची आठवण काढता काढता भावाने त्याला गावातून उठवले होते.

पत्र्याच्या शेडसमोर सभा भरली. परप्रांतातून आलेल्या पुनर्वसन खात्याच्या साहेबांनी नकाशा पुढे धरून मला विचारले, गाव असेच होते का? मी शाळामास्तर, माझ्या शब्दाला वजन होते. माझा मुलगा तेव्हा लातूरला क्लासला होता आणि पुढे त्याला अमेरिकेला नेण्याचे भावाने कबूल केले होते. मी हो म्हणालो.

मागून मणियार उठला. "गुरुजी, मग तुमच्या भिंतीला भिंत कुणाची व्हती?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी नकाशाची घडी घालत बसलो. कुणीतरी म्हणाले, चाच्या, वढ्याकाठी गार वारं लागंल तुला. लोक हसले. त्यांना घरे लवकर हवी होती हे खरे, पण तेवढेच खरे नाही.

नव्या गावाला कमान झाली, ती आळी कमानीबाहेर राहिली. मुलगा अमेरिकेला गेला. आता तोही तिथल्या मराठी मंडळात आहे आणि मंडळ गावाला नळयोजना देते आहे. निम्मा वाटा सरकारने उचलला. पाइप मात्र कमानीपर्यंतच. नकाशाप्रमाणे मूळ गाव तेवढेच, असे मुलगा मला फोनवर समजावतो.

तो नकाशा खोटा आहे आणि माझी साक्षही खोटी होती, असे तहसीलमध्ये लिहून द्यायचे मी ठरवले. त्यावर भावाचा तो फोन. मुलगा म्हणाला, अण्णा, तुम्ही आम्हाला इकडं तोंड दाखवायला जागा ठेवत नाही.

मणियार आता लातूरला क्लासेसच्या गल्लीत पोरांना बादल्या, गाद्या विकतो. त्याचे भाऊ अजून आळीतच आहेत, कमानीच्या आतल्या हापशावरून पाणी वाहतात. मी अर्ज घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने बसा म्हटले नाही. अर्ज शेवटपर्यंत वाचला. साक्षीदार म्हणून सही कर, मी म्हणालो.

त्याने कागद परत केला. "तवा एकट्यानं साक्ष दिली, गुरुजी. आता बी एकट्यानंच द्या."

मी कागद घेऊन तहसीलसाठी औशाची बस धरली.