अपील मंजूर झाल्यावर

‘अपील मंजूर’ एवढं ऐकलं आणि मी अप्पांचा हात घट्ट धरला. नेमका उजवा. ते कळवळले.

हूटगळ्ळीच्या कपड्यांच्या कारखान्यात त्यांचा त्याच हाताचा अंगठा मशीनखाली चिरडला होता. अंगठा वाचला, पकड गेली. तरी कामगार विम्याच्या वैद्यकीय मंडळानं ‘काम करू शकतात’ असं लिहून पेन्शन नाकारली. म्हणून आम्ही कोर्टात आलो होतो.

बाहेर वकीलबाई म्हणाल्या, “एवढ्यात हसू नका. पुरावा पुरेसा वाटला असता तर कोर्टाला थेट पेन्शनचा हुकूम देता आला असता. तसं झालं नाही. जुना निर्णय रद्द केलाय आणि प्रकरण परत मंडळाकडे पाठवलंय. नवे डॉक्टर पुन्हा तपासतील.”

“म्हणजे जिंकलो की नाही, मॅडम?” अप्पांनी विचारलं.

“जिंकलात. पेन्शन मात्र अजून मिळालेली नाही.”

कॉलेजात जाणारी घरातली पहिली मीच, म्हणून निकाल समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते इंग्रजी मी तीनदा वाचलं, तरी आपण चुकीचं सांगू अशी धास्ती होती. एक गोष्ट मात्र कळली. मागच्या डॉक्टरांनी पकड मोजलीच नव्हती, फक्त अप्पांचं उत्तर लिहून घेतलं होतं.

ते उत्तर मी ऐकलं होतं. डॉक्टरांनी कानडीत विचारलं, “होलियोक्के आगत्ता?” शिवायला जमतं का? अप्पा ताठ बसून म्हणाले, “आगत्ते, सार.” जमतं. आम्हा शिंप्यांच्या घरात समोरच्याला जमत नाही असं सांगत नाहीत. लग्न उद्यावर असलं तरी ब्लाउज होतोच.

तपासणीच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, “या खेपेला तोंड सांभाळा. डॉक्टर काही ब्लाउज टाकायला येत नाहीये.”

“मग खोटं बोलू?”

“खरं बोला म्हणतेय! तुमच्या शर्टाची बटणंसुद्धा मी लावते, ते सांगा.”

अप्पांनी शर्टाच्या वरच्या बटणावर हात ठेवला.

नव्या डॉक्टरांनी पकड मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. काटा जेमतेम हलला. मग तोच प्रश्न आला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला मध्ये बोलायचं नव्हतं, आणि बोलायचं असतं तरी धीर झाला नसता. मी खाली बघत राहिले.

“आगल्ला,” ते म्हणाले. जमत नाही.

परतीच्या बसमध्ये हिनकलचा थांबा मागे पडेपर्यंत ते उजवा हात खिशात घालून बसले.

पुढे पेन्शन मंजूर झाल्याचं पत्र आलं. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘शिवणकाम करू शकत नाहीत’ ही ओळ तेवढी गाळली.