आबांनी गाळलेला रोल

विट्याच्या स्टँडवर मिरजेची एसटी लागली होती आणि आबा, माझे वडील, माझ्या ट्रंकेला दोरी बांधत होते. मी सतरा वर्षांचा. ट्रंकेत दोन कपड्यांचे जोड, शेंगदाण्याची चटणी आणि आबांनी स्वतः वापरलेला लांब चिमटा. आई सोडायला आली, पण खिडकीपाशी न येता लांबच उभी राहिली. निघताना एवढंच म्हणाली, "पोचल्याव दोन वळी लिव्ह. बाकीचं आमी वळखतू." मदुराईला पोचल्यावर मी खरंच दोनच ओळी लिहिल्या, कारण तिसरी लिहायला घेतली की रडू यायचं.

आमच्या भागात पाऊस कमी आणि गलाईवाले जास्त. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं आमचं काम. हे वाचणाऱ्या तुमच्यातले निम्मे आत्ता कुठल्यातरी परमुलखातल्या सोनारगल्लीत भट्टीपुढे बसले असतील, आणि बाकीचे गावात आमच्या बंद घरांच्या किल्ल्या सांभाळत असतील. दोघांनाही सांगावं असं काहीतरी यंदा घडलं, म्हणून लिहितो आहे.

मदुराईत मला तीस वर्षं झाली. सकाळी फिल्टर कॉफी लागते, रिक्षावाल्याशी भांडायला तमिळच बरं पडतं, आणि सांबाराला नावं ठेवायची सोय आता राहिलेली नाही. माझी मुलगी प्रणाली तिथंच जन्मली. शेजारच्या पोरांचं ऐकून ती मला अप्पा म्हणते. जत्रेला आम्ही दरवर्षी आठवडाभर गावी येतो. तेवढे दिवस ती खाटेवर बसून फोनला रेंज शोधायची. गेल्या वर्षी परतताना तिनं सरळ सांगितलं, "अप्पा, ते तुमचं गाव हाय. माजं न्हाई. म्होरल्या वर्षापास्नं मी येनार न्हाई." मला ते फार लागलं. आई गेली, आबा थकलेत. आबांनंतर आमच्याही घराला कुलूप लागणार, आणि ते उघडायला माझ्यामागे कुणी येणार नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

यंदा ती आली ती कॅमेऱ्यामुळे. तळहातात मावेल असा, रोलचा, प्लॅस्टिकचा जुना कॅमेरा तिला मैत्रिणीकडून मिळाला होता. त्यात कसलंही सेटिंग नाही. बघायचं, बटण दाबायचं आणि अंगठ्यानं चाक फिरवायचं. खिशात एवढा मोठा फोन असताना हे खूळ कशाला, म्हणून मी तिची थट्टा केली. पण छत्तीसच फोटो आणि रोल रसायनात धुवेपर्यंत एकही दिसायचा नाही, हे ऐकून मला गंमत वाटली. न दिसणारा फोटो राहतो कुठं, असं मी विचारलं. फिल्मवर चांदीचा क्षार असतो आणि त्यावर उजेडाचा परिणाम होतो, असं ती म्हणाली. मी थोडा ओशाळलो. दवाखान्यांतले जुने एक्सरे आणून आधी आबांनी आणि मग मी पोत्यांनी गाळले, त्यातली चांदी काढली. पण ती हाडं त्या चांदीवर उमटतात कशी, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

छत्तीसच फोटो म्हटल्यावर तिला नीट बघूनच बटण दाबावं लागत होतं. त्यासाठी ती पाच दिवस गावभर हिंडली. खाट रिकामीच असायची, आणि मी मनातल्या मनात खूश होतो. रोल संपला, तो तिनं डबीत घातला आणि कोनाड्यात आबांच्या चष्म्याशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परड्यातून प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. जाऊन बघतो तर आबा जुन्या शेगडीपुढे बसलेले. त्यांनी प्रणालीला हाक मारली आणि तळहात पुढे केला. त्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढी चांदीची गोळी होती.

"डबीतली फीत वडून उजेडात बगितली. कोरीच हुती गं, त्येच्याव कायबी न्हवतं," आबा म्हणाले. "वाया कशाला घालवायची? घे, तुला केलीया."

आबांच्या हातात जन्मभर ज्या फिल्म आल्या, त्या सगळ्यांवर हाडं दिसायची. जिच्यावर काही दिसत नाही ती फिल्म खराब, एवढंच त्यांना ठाऊक. मी आवाज चढवून त्यांना समजावलं की रोल धुतल्याशिवाय फोटो दिसत नाहीत, आणि तिचे सगळे फोटो त्यातच होते. आबा हात तसाच पुढे धरून बसले. प्रणालीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. संपलं, आता ही पोरगी या गावात पुन्हा पाऊल टाकत नाही, असं मला वाटलं.

ती शेगडीजवळ खाली बसली. गोळी चिमटीत उचलून उन्हात धरली. मग म्हणाली, "कसं केलं, आबा?"

आबा आधी चाचरले, मग सांगत गेले. फिल्म जाळायची, राख मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यात घालायची, सोडा आणि टाकणखार टाकायचा, भात्यानं वारा द्यायचा. गोळी गोलच का होते, इथपर्यंत तिनं विचारलं. आबांना असं कधी कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. राग आला नाही का, असं मी तिला नंतर बाजूला घेऊन विचारलं. "आलाय की. लय आलाय," ती म्हणाली. "पर आबांवर कसा काढू?"

दुसऱ्या सकाळी तिनं नवा रोल घातला आणि तेच फोटो पुन्हा काढायला मला सोबत घेतलं. छत्तीसच्या छत्तीस फोटो तिला क्रमानं पाठ होते. धनगरवाड्यातली म्हातारी म्हणाली, "परवाच काडलास की गं फोटू." मग प्रत्येक दारात आबांची करामत सांगणं आलं, चहा आला. दुपारपर्यंत गावभर हसू पसरलं, आणि काहीजणी तर नवी लुगडी नेसून वाटच बघत होत्या. शाळेमागच्या विहिरीपाशी मी लहानपणानंतर त्या दिवशीच गेलो. तिथं कुठल्या पायरीवर ऊन कधी येतं, हे माझी मुलगी मला सांगत होती.

पस्तीस झाले. छत्तिसावा आमच्याच दारातला होता, आणि तो माझा होता. तिनं तो कधी काढला, मला पत्ताच नव्हता. मी लिंबाखाली उभा राहिलो. कमरेवर हात ठेवला, पुन्हा खाली घेतला, बुंध्याला टेकून बघितलं.

"असं न्हवं," ती कॅमेऱ्यामागून म्हणाली. "तवा तुमी हितंच ऱ्हानाऱ्या मानसागत हुबं हुता. आता पावन्यागत हुबं हायसा."

मी पुष्कळ प्रयत्न केला, पण जमलं नाही. तिनं कॅमेरा खाली घेतला आणि ऱ्हाऊ द्या म्हणाली.

आता आम्ही मदुराईत आहोत. रोल कॅमेऱ्यातच आहे, एक फोटो शिल्लक. पस्तीस तरी धुऊन आण, बघू, असं मी म्हणालो. छत्तीस झाल्याशिवाय नाही, असं ती म्हणते. तीस वर्षं गावी जायची तारीख घरात मीच काढत आलो. काल प्रणालीनं मला विचारलं, "अप्पा, जत्रा कवा हाय?"