एकदाच भरलेला पोहण्याचा तलाव

बाळांनो,

तुमच्या अंगणातल्या खड्ड्याचा फोटो पाहिला. पोहण्याच्या तलावाभोवती काय लावायचं, असं तुम्ही विचारलंय. फरशी पुढच्या आठवड्यात बसणार म्हणता, म्हणून आजच लिहिते. एकदा फरशी बसली की झाडाची जागा बदलता येत नाही.

असा एक तलाव मी जीव मुठीत धरून सजवला आहे. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तुमचे आजोबा इंजिनिअर, विष्णुपुरी धरणाच्या कामावरून बदलून तिथे आले. अधिकाऱ्यांच्या क्लबचा तलाव बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवायची, म्हणून भोवतीची बाग माझ्याकडे. तलाव भरला आणि लगेच बोअर आटलं. पावसानं आधीच दगा दिला होता. आता उद्‌घाटनापर्यंत तेच पाणी टिकवायचं होतं. नासलं तर दुसरं मिळणार नव्हतं, आणि शहर घागरी घेऊन टँकरची वाट बघत असताना पाणी वाया घालवल्याचा बोल तुमच्या आजोबांना लागणार होता. ते रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन पाण्यात डोकावून येत.

मीही सगळा विचार पाण्याच्याच बाजूनं केला. वारा पश्चिमेचा, म्हणून सावलीची झाडं पूर्वेला, लांबवर. पानं गळली तरी पाण्यापासून दूर उडतात. तुमच्याकडे वारा कुठून येतो ते आधी बघा. वड, पिंपळ नकोच, त्यांची मुळं भिंत फोडतात. हिरवळीऐवजी शहाबादी फरशी घातली, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे चिखल आत येत नाही. कुंपणाला कण्हेर लावली, कारण दुष्काळात शेळ्या काहीही खात होत्या आणि कण्हेरीला मात्र तोंड लावत नव्हत्या. ती विषारी असते. तुमच्या घरात रांगतं बाळ आहे, तुम्ही ती लावू नका.

एवढं करूनही एक गोष्ट सुटलीच. आमच्या बौद्ध घरात ओटी भरायची चाल नाही, त्यामुळे नव्या पाण्याचीही ओटी भरतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका सकाळी शेजारच्या वस्तीतल्या बायका हळदकुंकू, तांदूळ, खण, नारळ घेऊन फाटकात उभ्या राहिल्या.

“बाई, नव्या पाण्याची वटी भरायची हाय.”

मी पुढे होऊन वाट अडवली. “पाण्यात काही टाकू नका हो. नासेल.”

“हळदीनं नासतंय व्हय?” पुढची म्हातारी म्हणाली. “मग तुमच्या घरी कालवण रोजच नासत असंल!”

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. “मावशी, हे पाणी गेलं तर पुन्हा मिळायचं नाही.”

“म्हणून तर भरायलोत की. रुसलं मंजी?”

फाटकाजवळ पाय धुण्यासाठी एक लहान कुंड केलं होतं. मी ते दाखवलं. “यातलं पाणी तलावातलंच आहे.”

म्हातारीनं हात बुडवून पाहिलं. “हाव, चालतंय. पाणी एकच हाय.”

त्यांनी कुंडाची ओटी भरली. तांदळाचा एखादा दाणा उडतो की काय, म्हणून मी तलावाच्या बाजूला पदर पसरून उभी होते. त्याला त्या आणखी हसल्या.

दुष्काळ वाढला आणि उद्‌घाटन रद्द झालं. आता जपलेलं पाणी जागच्या जागी हिरवं पडणार, ही नवी धास्ती. ब्लिचिंग पावडर टाकलेलं ते पाणी पिण्याजोगं नव्हतं. आजोबांनी पावडर थांबवली, पाणी बरेच दिवस उन्हात राहू दिलं आणि साहेबांची परवानगी काढली. मग नव्या जिल्हा कचेरीच्या रस्त्यावर लावलेली करंजाची रोपं त्या पाण्यावर जगवली. रोजावर बादल्या वाहणाऱ्यांत ओटीवाल्या बायकाही होत्या. तळाची फरशी उघडी पडली तेव्हा आजोबा घरी येऊन पहिल्यांदा पोटभर जेवले.

तलाव पुढे बुजवला. माझी बागही गेली. त्या रस्त्यावरची करंजाची झाडं अजून उभी आहेत.