प्रिप्यातच्या काकू

"पाय पुसून ये."

समोरच्या काकूंच्या दारात कोणीही उभं राहिलं की पहिलं वाक्य हेच. उंबऱ्याशी ओलं गोणपाट कायम अंथरलेलं. अमरावतीच्या उन्हाळ्यात ते बघता बघता खडखडीत वाळायचं, आणि काकू पुन्हा भिजवून आणायच्या. सिलिंडरवाला, पोस्टमन, सगळे त्यावर पाय घासूनच आत. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराने चपला बाहेर काढून नम्रता दाखवली, तर म्हणाल्या, "चपला ठीक. तळव्यायचं काय?"

आम्ही कॉलनीतले लोक त्याला गोऱ्या बाईची टापटीप समजायचो. त्यांचं नावच 'रशियावाल्या काकू' पडलं होतं. त्यांचे यजमान डॉक्टर, मूळचे अचलपूरकडचे. सोव्हिएत काळात कीवला शिकायला गेले आणि तिथं नर्सिंग शिकणाऱ्या या मुलीशी लग्न करून परतले. सासूने तिला भाकरी थापायला शिकवली आणि अस्सल वऱ्हाडी बोलायलाही. आमच्याकडे पुण्याचे पाहुणे आले होते, तेव्हा निळ्या डोळ्यांच्या काकूंनी त्यांना "काहून, जेवून नाई राहिले?" असं दरडावलं. पाहुण्यांनी मुकाट्याने आणखी एक पोळी घेतली.

गोणपाटाचं कारण मला कळलं ते एका दुपारी. गच्चीवर आम्ही दोघी पापड वाळत घालत होतो. वावटळ आली तशा काकू सगळं टाकून तोंडाला पदर लावून खाली बसल्या. वारा थांबल्यावर त्यांनी सांगितलं.

त्यांचं माहेर प्रिप्यात. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात काम करणाऱ्यांसाठी वसवलेलं शहर. केंद्रात स्फोट झाला तेव्हा त्या कीवला वसतिगृहात होत्या. आईला आणि धाकट्या बहिणीला तीन दिवसांपुरतं सामान घ्यायला सांगून बसमध्ये बसवलं. ते घर पुन्हा मिळालंच नाही. धूळ विषारी झाली होती. कीवमध्येसुद्धा दारोदारी ओली फडकी टाकलेली असत. पुढे आईला आणि बहिणीला स्लावुतिच नावाच्या नव्या गावात घर मिळालं. वडील मात्र स्फोटाच्या आधीच वारले होते. त्यांची कबर प्रिप्यातला राहिली.

"आई आली, बहीण आली. बाबा एकटेच राहिले तिथं," काकू म्हणाल्या.

वर्षातून एकदा, वसंतात, जुन्या रहिवाशांना कबरींवर जाऊ देत. साधारण आपल्या अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. लग्नानंतरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला सासूने पितरांची घागर भरली, तेव्हा काकूंनी शेजारी गुपचूप एक गडू भरून ठेवला होता. सासूने विचारलं, हा कोणाचा? समजल्यावर म्हणाली, "राहू दे. त्यायले बी तहान लागत असन."

काकू दरवर्षी म्हणायच्या, येत्या साली जाते. मग सासू अंथरुणाला खिळली. ती गेल्यावर डॉक्टरांना अर्धांगवायू झाला. मग कोरोना आला आणि डॉक्टरही गेले. त्यांचं वर्षश्राद्ध आटोपल्यावर काकूंनी अखेर एप्रिलचं तिकीट काढलं. फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं.

पहिल्याच दिवशी रशियन सैन्याने चेर्नोबिल ताब्यात घेतलं. बंद पडलेल्या त्या केंद्राच्या देखभालीला अजून माणसं लागत; बहिणीचा नवरा त्याच कामाच्या पाळीवर होता, तो आत अडकला. कित्येक आठवडे त्या लोकांना सोडलं नाही. एकटीने बातम्या बघवत नाहीत म्हणून काकू आमच्याकडे येऊन बसायच्या.

त्याच दिवसांत भाजीवालीने नेहमीसारखी हाक दिली, रशियावाल्या काकू, पालक घ्या. काकू फाटकापाशी गेल्या. "रशिया नाई वं माय. युक्रेन. मी युक्रेनची आहो." आवाज चढलेला नव्हता. भाजीवाली गडबडली, पण दुसऱ्या दिवसापासून तिने हाक बदलली. इतकी वर्षं आमच्यापैकी कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

सैनिकांनी तिथल्या जंगलात खंदक खणल्याची बातमी आली, तेव्हा मला वाटलं, आज काकू शिव्याशाप देतील. रोज त्यांच्या भाषेत देतच होत्या. पण त्या पडद्यावरच्या उकरलेल्या मातीकडे बघत राहिल्या.

"त्या पोट्ट्यायले कोनी सांगतलं नाई काय, ती माती उकरू नये म्हून?" मग रडायलाच लागल्या. "कोनाचे तरी लेकरंच हायेत ना."

बहिणीचा नवरा सुटून आला, पण तब्येतीने खचला. दुसऱ्या वर्षी तो वारला. आई तर आधीच गेली होती, बहीण एकटी पडली. मुंबईला जाणाऱ्या गाडीत काकूंना बसवायला आम्ही बडनेऱ्याला गेलो. युद्धात कशाला जाता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आता जातो म्हनू म्हनू किती राहू?"

त्या पोचल्या, पण कबरीपर्यंत नाही. जंगलात सुरुंग आहेत, परवानगी मिळत नाही. स्लावुतिच स्टेशनवरून केंद्राकडे कामगारांची आगगाडी जायची, तीही युद्ध सुरू झाल्यापासून बंद.

यंदा वसंतात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. दोघी बहिणी त्याच स्टेशनवरच्या बाकावर बसल्या होत्या. मध्ये रुमाल, त्यावर पाव आणि रंगवलेली अंडी. कबरीपाशी बसून जेवायची तिकडे रीत आहे.

"इथून गाडीनं जवळच आहे," काकू म्हणाल्या, आणि मला दिसावं म्हणून त्यांनी फोन फिरवला. फलाट रिकामा होता. खाली रुळांमध्ये गुडघ्याएवढं गवत वाढलं होतं.